‘आपल्यात असं नसतं’

‘आपल्यात असं नसतं’ हे वाक्य ऐकले नाही अशी बाई सापडणे कठीण. लग्न होऊन सासरी आलो की पहिल्या आठ दिवसांत ते कानावर पडते. आमटीत गूळ घालायचा की नाही, पदर डोक्यावरून किती पुढे ओढायचा, सासऱ्यासमोर खाटेवर बसायचे की जमिनीवर, माहेरचा टाक देव्हाऱ्यात मांडायचा की पेटीत ठेवायचा, सगळ्याचा निकाल या तीन शब्दांत लागतो. स्त्री-चळवळीने या वाक्याशी पन्नास वर्षे भांडण मांडले आहे. ‘आपल्यात’ म्हणजे नेमके कुणात? ही रीत ठरवली कुणी? ती मोडली तर दंड बाईलाच का? हे प्रश्न आपण शिबिरांत विचारले, पथनाट्यांतून विचारले, सासूला विचारले, पंचांना विचारले.

आज हेच वाक्य आपल्या बैठकांमधून ऐकू येते आहे आणि ते आपणच बोलतो आहोत. म्हणून हा लेख.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत मी गेली काही वर्षे काम करते आहे. ८ मार्चच्या मेळाव्याच्या तयारीची एक बैठक होती. मी सुचवले की गावात ओडिशातून, बिहारमधून लग्न होऊन आलेल्या सुना आहेत, कारखान्याच्या फडावर बीडकडच्या ऊसतोड बाया आहेत, औद्योगिक वसाहतीत परराज्यातल्या कामगार बाया खोल्या करून राहतात. या वेळी त्यांना बोलावू. एक जुनी, अनुभवी कार्यकर्ती म्हणाली, “आधी आपल्या बायकांचं बघू. त्यांचं सगळंच निराळं. बोलणं निराळं, खाणं निराळं. त्यांच्यात असंच असतं.” खोलीतल्या पंधरा-वीस जणींपैकी बहुतेकींनी मान डोलावली. मेळावा झाला, घोषणा झाल्या, त्या बाया आल्या नाहीत.

मला त्या एका कार्यकर्तीशी भांडायचे नाही. भांडायचे आहे ते ‘आपल्या बायका’ या शब्दांशी. हे ‘आपण’ कोण, ते एकदा तपासून पाहू.

आपण स्वतः कोण?

सातारा-सांगली हा स्थलांतराचा मुलूख आहे. पाटण, जावळी, माण, खटाव या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेली, गिरणीत गेली, बंदरावर आणि बाजारात पाठीवर ओझी वाहायला गेली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. नवरा मुंबईला आणि बाई गावाकडे, म्हातारी सासू, कोरडवाहू शेती आणि मनिऑर्डरची वाट, हे या जिल्ह्याच्या बायकांचे आयुष्य होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी थांबल्या, तेव्हा त्याची झळ गिरणगावाइतकीच इथल्या चुलींना बसली.

दुसरा लोंढा गलाईचा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या माण-खटावमधली दुष्काळाने पिचलेली माणसे सोने-चांदी गाळण्याचा धंदा शिकली आणि देशभर पसरली. केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत सराफ बाजार असेल तिथे आपल्याकडचा गलाईवाला सापडतो. एका खोलीत भट्टी, ॲसिडचा धूर आणि मागच्या खोलीत संसार. त्या मागच्या खोलीत बाई असते. तमिळनाडूतल्या एका गावात वीस वर्षे काढून परत आलेली एक बाई मला म्हणाली, “पहिली दोन वर्षं भाजी बोटानं दाखवून घेतली. बाळंतपणाला माझी आई पोचली नाही. शेजारीण दवाखान्यात संगं बसली. डॉक्टरला माझं दुखणं तिनं सांगितलं. तिची भाषा मला येत नव्हती, पर तिला माझं कळत होतं.”

ही बाई तिकडे कोण होती? परप्रांतीयच होती. तिने परक्या मुलखात गुढी उभारली, संक्रांतीला वाण लुटले, मुलांशी मराठीत बोलली. गावाकडे आपण तिचे कौतुक करतो, ‘एवढ्या लांब राहून संस्कार जपले हो’ म्हणतो. आणि इथे छठचा उपवास धरून पाण्यात उभी राहून सूर्याला अर्घ्य देणारी बिहारी बाई दिसली की म्हणतो, ‘यांचं फार वाढत चाललंय.’ आपल्या माणसाने परमुलखात जपले ते संस्कार आणि परमुलखातल्या माणसाने इथे जपले ते अतिक्रमण! परमुलखात चोरीच्या सोन्याचा संशय आला की पोलीस आधी गलाईवाल्याच्या दारात येतात, अशी तक्रार आपले लोक कळवळून सांगतात. ती खरी आहे. मग आपल्या गावात एखादे घर फुटले की पहिले बोट ‘त्या भय्यांच्या खोल्यां’कडे का जाते? २००८ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक भागात उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा आपल्या अनेक गावांत त्याचे समर्थन होत होते. त्याच वेळी आपली हजारो कुटुंबे परराज्यांत दुकाने मांडून बसली होती. त्यांच्याशी तिथल्या लोकांनी असेच वागायचे ठरवले असते तर?

आणि परके व्हायला राज्याची हद्दही ओलांडावी लागत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा किती गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि दगड टाकून रस्ते बंद केले ते आठवा. वेशीबाहेर अडवलेली माणसे कोण होती? मुंबई-पुण्याहून परतलेली याच गावची मुले, याच गावच्या सुना. आदल्या दिवाळीला ज्यांच्याकडून मंदिराची वर्गणी घेतली, ती एका रात्रीत परकी झाली. ‘आपण’ ही वेस अशी असते. भीती वाटली की आत सरकते.

सुना कुठून येतात आणि का?

आता घरातल्या परक्या बाईकडे येऊ. ‘बाहेरून आणलेली’, ‘विकत आणलेली’, ‘एजंटाकडची’ अशी तिची ओळख करून दिली जाते. ती इथे का आली हे मात्र कुणी विचारत नाही.

उत्तर जनगणनेच्या तक्त्यात आहे. २००१ साली शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात ९१३, सातारा जिल्ह्यात ८७८ आणि सांगली जिल्ह्यात ८५१ होत्या. उसाचा, द्राक्षांचा, सहकाराचा, शिक्षणसंस्थांचा हा सधन पट्टा मुलींच्या बाबतीत राज्यात शेवटच्या रांगेत होता. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तोही चळवळीच्या रेट्यामुळे. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका गर्भवतीच्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण सापडले. २००१ मध्ये ज्या मुली मोजणीत कमी भरल्या, त्या आज लग्नाच्या वयाच्या असत्या. त्या नाहीत. जन्मलेल्या मुलींनाही शेतकरी नवरा नको आहे आणि त्यात त्यांची चूक नाही. पहाटेपासून गोठा आणि दिवसभर रान, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हे त्यांनी आईच्या आयुष्यात पाहिले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. वर्तमानपत्रांना ती गंमत वाटली. मला त्यात तीस वर्षांचा हिशेब दिसला.

म्हणजे ही सून परकी असली तरी तिला इथे आणणारी गोष्ट अस्सल आपली आहे. आपण मुली मारल्या, त्या रिकाम्या जागी दुसऱ्या मुलखातली गरीब आई आपली मुलगी पाठवते. आणि आपण तिलाच विचारतो, ‘तुझी जात कोणती?’

या सुनांचे काय होते ते मी पाहते आहे. सगळ्यांचे वाईट होते असे नाही. काही घरांत समंजस सासवा आहेत, भाषा शिकवणाऱ्या नणंदा आहेत. पण नमुना पुन्हा पुन्हा तोच दिसतो. पहिल्या दिवशी नाव बदलते. आधार कार्ड एजंटाकडे किंवा दिराकडे असते. फोन नवऱ्याकडे असतो, कारण ‘सारखी माहेरी बोलते, काय बोलते कळत नाही’. तिला कळणाऱ्या भाषेत बोलणारे माणूस घरात नाही, गावात नाही. अशाच एका मुलीबरोबर मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. ती सात महिन्यांची गरोदर होती. नर्सने विचारले, “काय होतंय?” उत्तर सासूने दिले. पुन्हा विचारले, पुन्हा सासूनेच दिले. मुलीच्या पाठीवरचे वळ तपासणीच्या टेबलावर दिसले, बोलण्यातून दिसले नाहीत. गलाईच्या बाईला परमुलखात एक शेजारीण मिळाली होती. या मुलीला आपल्या गावात ती मिळाली नाही. आपल्या महिला मंडळाचा फलक तिच्या घरापासून चार घरे सोडून आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. कारण विचारले तर, ‘तिच्या घराण्याचं काय ठाऊक?’ हळदीकुंकवातून विधवांना वगळण्याविरुद्ध आपण किती लिहिले, किती बोललो! विधवांसाठी दार उघडताना दुसऱ्या बाईसाठी ते ढकलून लावले, हे आपल्या लक्षातही आले नाही.

इथे लगेच म्हटले जाते की अशा मुली दागिने घेऊन पळतात, टोळ्या आहेत, वर्तमानपत्रात येते. होय, फसवणूक होते. दोन-तीन लाख रुपये एजंटाने घेतले आणि मुलगी आठ दिवसांत नाहीशी झाली, अशा तक्रारी होतात आणि ज्या कुटुंबाने कर्ज काढून लग्न केले त्याचे नुकसानही खरे असते. पण त्या व्यवहारात पैसे मोजले कुणी, घेतले कुणी आणि माल म्हणून हाताळली गेली कोण? एजंट क्वचित सापडतो, मुलीचा फोटो मात्र छापून येतो. आणि पळणाऱ्या प्रत्येकीला चोर ठरवले की मार खाऊन जीव वाचवायला पळणारीला पोलीस ठाण्यात उभे राहायला जागा उरत नाही.

‘त्यांच्यात असंच असतं’

दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा धोक्याचे आहे. ‘आपल्यात असं नसतं’ म्हणताना बाईवर आपली रीत लादली जाते. ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणताना तिचा हक्क काढून घेतला जातो. वरवर पाहता दुसऱ्या वाक्यात समजूतदारपणा आहे, परंपरांचा आदर आहे. म्हणूनच ते सुशिक्षित तोंडातून जास्त येते.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या कृष्णा-वारणेच्या काठी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली जाते जोडीच्या नावावर, पण ती मुकादमाकडून हातात पडते नवऱ्याच्या. पहाटे फडात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढायचे, रात्री कोपीत येऊन स्वयंपाक. संडास नाही, न्हाणी नाही, पाळी आली तरी खाडा नाही, कारण खाड्याचा दंड आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या बाया तोडतात तो ऊस आपल्या शिवारातला आहे. साखर आपल्या कारखान्यांची आहे. त्यांची दुखणी मात्र ‘बीडची’!

फडावरच्या चौदा-पंधरा वर्षांच्या नवरीबद्दल विचारले तर चिटबॉय म्हणतो, शिक्षक म्हणतात, कधी कधी आपली कार्यकर्तीही म्हणते, “त्यांच्यात लवकरच करतात.” त्यांच्यात लवकर का करतात? मुलीला कोपीत एकटी ठेवून फडात जाण्याची आईला भीती वाटते म्हणून. आणि जोडी झाली की कोयता वाढतो, उचल वाढते म्हणून. यात संस्कृती किती आणि साखरेचा धंदा किती, ते मोजून पाहा. ज्याला आपण त्यांची चाल म्हणतो, ती पुष्कळदा आपल्या सोयीची व्यवस्था असते.

म्हणून ‘सगळ्यांच्या चालीरीतींचा आदर करा’ एवढे म्हणून मला थांबता येत नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हांला शिकवले की समोरच्या माणसाची संस्कृती आधी समजून घ्या. समजून घ्यावीच. पण संस्कृती सांगते आहे कोण, हेही विचारावे. टोळीची रीत मुकादम सांगतो, बिहारी कामगारांची रीत ठेकेदार सांगतो, ओडिशाच्या मुलीची रीत तिचा सांगलीकर नवरा सांगतो. त्या रीतीची किंमत जी मोजते, तिला तिच्या भाषेत विचारले आहे का? छठचा उपवास तिला हवा आहे? तर तिला तो करू द्या, पाण्याकाठी जागा द्या. घुंघट तिला नको आहे? तर तो सोडताना तिच्या बाजूने उभ्या राहा. आपली नऊवारी तिला नको आहे? तीही तिच्यावर नको. आपल्या मुलींसाठी आपण लावतो तीच कसोटी आहे ही. तिच्यासाठी वेगळी काढायचे कारण नाही.

परक्यांना आपले करता येते

हे जमत नाही, लोक ऐकत नाहीत, असे कुणी म्हणू नये. १९४१ साली अमेरिकेत मिनिॲपोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट इथल्या चळवळींचा अभ्यास करायला आल्या, १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न करून वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या सून झाल्या, १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या त्या कासेगावातच. मराठी शिकून, पायी फिरून, परित्यक्तांच्या आणि पाण्याच्या लढ्यांत राहून त्यांनी हे नाते कमावले. पण नाते एका बाजूने जुळत नाही. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या, परित्यक्तांना संघटित करणाऱ्या. त्यांच्या घरात परमुलखातल्या सुनेला तिच्या कामासकट जागा होती. गेलताई आपल्या झाल्या याचा आपल्याला अभिमान आहे, असावाच. मग साता समुद्रापलीकडून आलेली आपली होऊ शकते, तर बालेश्वरहून आलेली का होऊ शकत नाही? रंग आडवा येतो, की गरिबी, की ‘विकत घेतली’ हा शिक्का? उत्तर प्रत्येकीने मनाशी द्यावे.

भाषेचे कारणही टिकत नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागात आजही घरात कन्नड बोलतात. मिरज-जतच्या कितीतरी घरांत आजी विजापूर-अथणीकडची आहे. राज्यांच्या हद्दी नंतर आखल्या गेल्या, रोटीबेटी त्याआधीची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या ४० गावांवर हक्क सांगितला तेव्हा आपण एकमुखाने म्हणालो की कन्नड बोलली म्हणून काय झाले, ती आपलीच माणसे. जमिनीचा प्रश्न आला की दुसरी भाषा चालते. बाईचा प्रश्न आला की अडते.

शेवटचा आक्षेप पोटाचा आहे. बाहेरचे मजूर आले म्हणून द्राक्षबागेत, गुऱ्हाळावर, कारखान्यात आपल्या बायांची मजुरी पडते, असे म्हणतात. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण तो गरीब बाईचा आहे. पण मजुरी पाडतो कोण? परकी बाई कमी पैशांत काम करते ती तिला कमी लागतात म्हणून नव्हे. तिचे कुणी नाही, तिला दर ठाऊक नाही, ठेकेदाराने आगाऊ दिले आहे, म्हणून. याचे उत्तर साताऱ्याच्या माणसांनी मुंबईत शोधले होते. माथाडींनी दुसऱ्या मुलखातल्या हमालाला हाकलले नाही. त्यांनी १९६९ चा कायदा मिळवला, नोंदणी, ठरलेला दर आणि मंडळामार्फत पगार मिळवला. नोंदलेल्या मजुराला वापरून दर पाडता येत नाही, मग तो कुठलाही असो. परकी बाई आपल्या संघटनेबाहेर राहिली तर ती ठेकेदाराच्या हातातले हत्यार होते. आत आली तर आपल्या मागणीचे बळ होते.

मग करायचे काय?

लांबलचक ठराव नकोत. प्रत्येक गटाने आपल्या गावात चार कामे धरावीत.

बाहेरून आलेल्या सुनांची घरोघर जाऊन ओळख करून घ्या, सासू समोर नसताना. तिचे आधार कार्ड तिच्या हातात आहे का, लग्नाची नोंद झाली आहे का, रेशनकार्डावर नाव चढले आहे का, ते पाहा. लग्नाची आणि विवाह मंडळांचीही नोंदणी सांगणारा राज्याचा कायदा १९९८ पासून आहे. बिननोंदणीच्या एजंटाविरुद्ध तक्रार करा, मुलीविरुद्ध नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा माहेर कुठल्या राज्यात आहे हे विचारत नाही. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता तिला द्या.

तिची भाषा बोलणारी एक तरी बाई शोधून ठेवा. औद्योगिक वसाहतीत ती सापडते. आरोग्य केंद्रात आणि पोलीस ठाण्यात सासूऐवजी ती दुभाषी म्हणून बसेल, असा आग्रह धरा.

फडावर जा. संडास, पाळणाघर, मुलांची शाळा आणि बाईच्या हिश्श्याची मजुरी बाईच्या हातात, या मागण्या कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत सभासद बायांनी मांडायच्या आहेत. सभासद आपण आहोत, बीडच्या बाया नाहीत. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याखालची जिल्ह्याची स्थानिक समिती फडातल्या बाईसाठीही आहे, हे मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.

आणि आपल्या कार्यकारिणीत एक जागा त्यांच्यातल्या एकीला द्या. पाहुणी म्हणून नको, मत असलेली सभासद म्हणून.

२०११ च्या जनगणनेत जन्मगाव किंवा आधीचे ठिकाण सोडून आलेली पंचेचाळीस कोटी माणसे मोजली गेली. त्यांत तीनपैकी दोन बाया होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य बायांनी कारण सांगितले, लग्न. म्हणजे या देशातला नेहमीचा स्थलांतरित डोक्यावर ट्रंक घेतलेला पुरुष नाही, तर ओटी भरून निघालेली मुलगी आहे. कोरेगावहून इस्लामपूरला आलेली आणि गंजामहून आलेली, अंतर कमीजास्त, इतकेच. दोघींनाही पहिल्या आठवड्यात तेच वाक्य ऐकवले गेले.

पुढच्या गाळप हंगामाच्या कोपी पडतील तेव्हा फडावर कोण जाणार, हे आपल्या गटाच्या वहीत आजच नावानिशी लिहा.